भिंतीवरची हवा

आज विंड टनेलचा दिवा लावला आणि तापलेल्या लोखंडाचा वास आला. इथे आवाजाहून वेगाने येणारी हवा विमानाच्या छोट्या मॉडेलवर आदळते आणि दिव्याच्या उजेडात त्या धक्क्याची सावली पडद्यावर उमटते. त्या वासाने मात्र मला शहाद्याजवळच्या आमच्या घरी, चुलीपाशी नेलं.

सकाळचं ऊन दारातून चुलीवरून जाऊन समोरच्या चुन्याच्या भिंतीवर पडायचं. तव्याच्या सावलीवर पाण्यासारखं काहीतरी थरथरायचं. माय तव्याकडे बघायचीच नाही; भिंत बघून ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर टाकायची.

"भितकडे काय देखी ऱ्हायनी वं माय?"

"हवा. तवा तापना म्हंजे ती हालस."

"हवा दिसस नही. पुस्तकमा लिखेल शे," सातवीतल्या मी ठणकावलं.

"मंग तू पुस्तक वाच, मी भाकर टाकस."

तिची भाकर कधी करपली नाही. तिचं म्हणणं खरं होतं, हे कळून मला कितीतरी वर्षं झाली. सांगायचं तेवढं राहून गेलं होतं.

संध्याकाळी फोन केला. "माय, हवा दिसस वं. मन्ही चूक व्हती."

ती म्हणाली, "दिसनी ना? मंग टाक भाकर."