भिंगाखालचं पाकीट

अख्ख्या गल्लीला नजर देणारे चष्मेवाले आजोबा स्वतः एकदा वाचायला विसरले. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. शेंगदाण्याचा कण जरी पोटात गेला तरी नातीचा घसा सुजतो आणि ती गुदमरते, हे घरात सगळ्यांना पाठ होतं. पण बिस्किटं नेहमीचीच, दुकानही तेच, वाचायचं काय त्यात? कारखान्याने आतला माल बदलला होता आणि मागे बारीक अक्षरांत तसं छापलंही होतं. आजोबांनी दिलेलं बिस्किट खाऊन गुदमरलेली पोर कशीबशी वाचली. तिचा तो शिट्टीसारखा श्वास मात्र आजोबांच्या कानातून गेला नाही. काच घासायचं यंत्र सुरू केलं, की त्यातूनही तोच ऐकू येतो.

तेव्हापासून खाऊ सूनच आणायची. आजोबांना कुणी बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

परवा मात्र सून म्हणाली, पोरीच्या शाळेची सहल आहे, खाऊ तुम्हीच आणा. आजोबा भिंग खिशात टाकून निघाले. दुकानदाराने विचारलं, काका, खाऊ घेताय की हिरे? आजोबा हसले नाहीत. एका पाकिटावर ‘शेंगदाण्याचा अंश असू शकतो’ असं होतं. हात पोळल्यासारखं त्यांनी ते खाली ठेवलं. शेवटी भाजलेला मका सापडला. शेंगदाणे जिथे येतच नाहीत अशा कारखान्यातला. तो त्यांनी आत दिव्याखाली वाचला, बाहेर उन्हात वाचला, तरी घरी येताना वाटेत पुन्हा एकदा वाचला.

पाकीट बघून नात भिंतीकडे सरकली. “आजोबा, तुम्ही नका देऊ. आई देईल.”

सून ओशाळली. पोरीला दटावून तिने पाकीट फाडलं, चव बघायला मूठभर मका काढला. मागची बाजू उलटून पाहिलीसुद्धा नाही. ज्या विश्वासासाठी आजोबा इतके दिवस झुरले, तो हा असा पदरात पडत होता, आणि त्यांच्या काळजाचं पाणी पाणी झालं. त्या दिवशी त्यांनीही पाकीट असंच फाडलं होतं.

त्यांनी सुनेचं मनगट धरलं. “आधी वाच.”

“तुम्ही वाचलंय ना, बाबा.”

“म्हणूनच वाच.”

त्यांनी भिंग पुढे केलं. सून मोठ्याने वाचू लागली. नात कान देऊन ऐकत होती. आजोबा तिचा श्वास ऐकत होते.