बंद करून बघणारे साहेब

नोकरीच्या पहिल्याच दिवशी मी टेबलावर पर्स ठेवते न ठेवते तोच शेळके साहेबांनी भिंतीवरचा मेन स्विच खाली ओढला. क्रांती चौकाजवळच्या आमच्या टेलिफोन केंद्रातले पंखे थांबले, बॅटऱ्यांवर आलेली मशीन पीं-पीं करू लागली, आणि साहेब मात्र खिशातले फुटाणे काढून खात उभे. मला वाटलं, माणूस सटकलेला दिसतोय. बाहेर जनरेटर एकदा घरघरला आणि गप्प झाला. तो उत्तम स्थितीत असल्याचा अहवाल आदल्याच आठवड्यात वर गेला होता म्हणे.

"कागदावरचा जनरेटर कवाच बंद पडत नाय," साहेब म्हणाले आणि मुठीतले फुटाणे माझ्यापुढे केले. "घ्या ताई. हितं असंच ऱ्हातंय."

खरंच तसंच असायचं. कधी वीज, कधी एखादी वायर, कधी अख्खं मशीन. साहेब न सांगता बंद करायचे आणि आमची पळापळ बघायचे. 'चालू आहे' हा शब्द त्यांच्यापुढे उच्चारायची सोय नव्हती. बंद करून बघितलंय का, तेवढंच ते विचारायचे. घरीही तीच तऱ्हा. आमच्या शहरात नळाला पाणी येतं तेव्हा सण असतो, त्यामुळं ड्रम घरोघरी असतात. पण साहेबांचे ड्रम अंगणातही होते आणि गच्चीवरही. एक फुटला तर दुसरा हवा. चहा देता देता काकू एकदा म्हणाल्या, "लग्नात मला बी कुणी सांगाया पाहिजे व्हतं, जोडीला एक नवरा जास्तीचा करून ठिव म्हणून." सगळ्यात मोठ्यानं साहेबच हसले.

या खुळामागचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं, बिडकीनच्या एका टपरीवर चहा पिताना. त्यांचं गाव पैठणच्या खाली, गोदावरीच्या अगदी काठावर. धरणातून पाणी सोडलं की सायकलवरून माणूस निरोप घेऊन यायचा. साहेब लहान असताना एका पावसाळ्यात निरोप्या आणि पाणी बरोबरच आले. गोठ्यातल्या म्हशी सोडायलाही सवड मिळाली नाही. त्या दाव्याला बांधलेल्याच गेल्या, आणि त्यांचं हंबरणं साहेबांच्या कानातून कधी गेलं नाही.

"निरोप पाण्याच्या आधी पोचला पाहिजे," ते म्हणाले. "तेवढं जमलं तर आपल्या पगाराला अर्थ हाय."

पैठणकडं जाणाऱ्या आमच्या वायरी दोन. एक बिडकीनवरून, दुसरी पाचोडवरून लांबचा वळसा घेऊन. एक तुटली तर दुसरीनं भार घ्यायचा, असा कागदोपत्री बेत. साहेबांनी एका भर दुपारी बिडकीनची वायर बंद केली आणि पैठणचे सगळे फोन मुके झाले. पाचोडकडची वायर रस्त्याच्या खोदकामात केव्हाच तुटली होती आणि कुणाच्या गावीही नव्हतं. वरून मोठे अधिकारी आले, नको नको ते बोलले. साहेब खाली मान घालून ऐकत होते, पण शेवटी म्हणालेच, "मी तोडलं नाय सर. तुटलेलं दाखवलं." वायर जोडली गेली. साहेबांची बढती मात्र अडकली ती अडकलीच. मला संताप आला होता. ते फुटाणे खात होते.

मग त्यांनी स्वतःलाच बंद करायला सुरुवात केली. न सांगता घरी राहायचे. त्या दिवशी काहीही होवो, त्यांना फोन करायचा नाही. जो करील त्यानं सगळ्यांना भजी चारायची. आमच्या इरफाननं इतकी भजी चारली की कोपऱ्यावरचा भजीवाला त्याला लांबून बघूनच घाणा काढायला लागला.

एका सप्टेंबरात पाऊस हटायलाच तयार नव्हता. धरण काठोकाठ भरलं होतं, दरवाजे उघडणार हे सकाळीच कळलं, आणि नेमका बिडकीनच्या पुढचा एक पूल आमच्या वायरीसकट वाहून गेला. साहेब आदल्या दिवसापासून आले नव्हते. इरफान हातात मोबाइल घेऊन माझ्यापुढं उभा राहिला. "मॅडम, साहेबांना लावू का? भजी देतो मी." मी म्हटलं, नको. एवढ्या पावसातही म्हातारा परीक्षाच घेतोय, तर पास होऊनच दाखवू. पाचोडच्या वायरीनं भार उचलला. पैठणच्या टॉवरवरची वीज गेली, तिथं ट्रॅक्टरनं डिझेल पोचवलं. दुपारी दरवाजे उघडले त्याच्या कितीतरी आधी काठावरच्या गावांत फोन वाजले होते आणि माणसं-जनावरं वर सरकली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फुशारकी मारायला त्यांच्या घरी गेले, तर दाराला कुलूप. शेजाऱ्यांनी दवाखान्याचं नाव सांगितलं. काकू तिथं बाकावर एकट्याच बसल्या होत्या. त्यांच्याकडं बघताच मला कळलं.

दोन दिवसांपूर्वी साहेबांच्या छातीत कळ आली होती. ऑफिसात कळवू का, असं काकूंनी विचारलं, तर नको म्हणाले. पाऊस फार आहे, पोरांना एकट्यानं जमतंय का बघू. काल दुपारी गावाहून त्यांच्या भावाचा फोन आला. निरोप वेळेत मिळाला, गोठे रिकामे केले, सगळे वर आहेत.

"त्यांना सांगितलं मी ते," काकू माझा हात धरून म्हणाल्या. "तर इचारलं काय, ऑफिसातून फोन आलता का? म्हटलं, नाय, एकबी नाय. तवा लेकरावानी हसले बघ. जमलं म्हणले पोरांना. मग डोळे मिटले, ते मिटलेच."

काकूंना त्याचं समाधान होतं, आणि मीही मान डोलावली. साहेब पास करून गेले आम्हाला. पण त्या दिवशी इरफानला लाव म्हटलं असतं, तर त्यांनी फोन उचलला असता आणि चार शिव्या घातल्या असत्या. त्या शिव्यांसाठी मी जन्मभर भजी चारली असती.