तीन रकान्यांची वही

"यांच्या चालण्यात फरक कधीपासून पडला?" तरुण डॉक्टरबाईंनी विचारलं. प्रमिलामावशी न्हाणीघरात पडली होती, डोक्याला मार लागला होता. ती आत अतिदक्षता विभागात होती आणि मी बाहेर, घरातल्याच चपलांवर. स्कॅनमध्ये पडल्यामुळे झालेला रक्तस्राव दिसत होताच, पण त्याच्या आधीपासूनचंही काहीतरी दिसत होतं. मेंदूतल्या पोकळ्यांमध्ये पाणी साचत गेलं होतं. हे एका दिवसात होत नाही, डॉक्टर म्हणाल्या. चाल मंदावते, पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात, विसरायला होतं, बाथरूमपर्यंत जायला धीर निघत नाही... आणि घरच्यांना वाटतं, वय झालं. वेळेवर लक्षात आलं तर पुष्कळांना उपाय करता येतो, म्हणून त्या विचारत होत्या. सहा महिने? वर्ष? दोन वर्षं? मी दर रविवारी मावशीकडे जायचो. वारज्यात आमच्या दोन घरांमध्ये जेमतेम दहा मिनिटांचं अंतर. तरी मला सांगता येईना. "बहुतेक वर्षभर झालं असेल," मी म्हणालो. ‘बहुतेक’ हा शब्द मावशीला अजिबात खपत नसे. चौथ्या दिवशी ती गेली. त्याला आता सात आठवडे झाले.

मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. आम्ही मूळचे यवतमाळकडचे. लग्न होऊन ती खडकीला आली. काका तिथल्या कारखान्यात होते. ते फार लवकर गेले आणि त्यांच्या जागी तिला नोकरी मिळाली. मूलबाळ नव्हतं. खात्यातल्या परीक्षा देत देत ती तपासणी विभागात पोचली आणि निवृत्तीपर्यंत तिथेच राहिली. तयार होऊन आलेला माल बघायचा आणि दिसेल ते रजिस्टरमध्ये लिहायचं, हे तिचं काम. दिसलं ते लिहायचं, का झालं ते लिहायचं नाही. कारण शोधणारी माणसं वेगळी आणि त्यांचा पगारही वेगळा, असं ती म्हणायची. ‘बहुतेक’, ‘साधारण’, ‘वाटतं’ असले शब्द लिहिणाऱ्या नवख्याला ती सबंध पान पुन्हा लिहायला लावत असे, असं तिच्या मैत्रिणी सांगतात. पुण्यात इतकी वर्षं काढल्यावर बोलणंही पुणेरी झालं होतं. रविवारी दुपारी तासभर बसलेले शेजारी एकदा "परत येतो निवांत" म्हणाले, तर ही शांतपणे म्हणाली, "आधी जा तर, म्हणजे परत येता येईल." ते बिचारे हसले, पण पुढचे दोन-तीन महिने काही आले नाहीत.

नव्वदचं दशक संपता संपता मी इंजिनीअर होऊन पुण्यात नोकरीला लागलो आणि तिच्या क्वार्टरमध्ये राहायला आलो. दोन हजार साल लागायच्या आधी जुन्या प्रोग्राममधल्या तारखा दुरुस्त करायची कामं धडाधड येत होती आणि माझ्यासारख्या चोवीस वर्षांच्या पोरांना कंपन्या हातोहात उचलत होत्या. आमच्या खानदानात खुर्चीवर बसून काम करणारा मी दुसराच, पहिली मावशी. आई फोनवर सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात माझी चौकशी करायची. मला वाटायचं, आता फक्त वर जायचं.

त्यातच ते सुरू झालं. संध्याकाळी स्क्रीनवरच्या एका ओळीच्या दोन दिसायच्या. अमेरिकेतल्या ग्राहकाशी बोलताना पहिली दहा मिनिटं माझा आवाज माझाच असायचा, मग तो नाकातून यायला लागायचा आणि शब्द ओले होऊन एकमेकांना चिकटायचे. घरी आलो की भाकरी चावता चावता जबडा दमायचा. दोरीवर कपडे वाळत घालताना हात वर राहायचे नाहीत. पापण्या तर अशा उतरायच्या की समोरच्याला वाटावं, हा झोपतोय. आणि सकाळी उठावं तर मी ठणठणीत! स्कूटर एका किकमध्ये चालू. मावशीनं विचारलं तर मी म्हणायचो, थकलोय गं, बाकी काही नाही.

डॉक्टरांकडे जाताना मी एक मूर्खपणा केला, आणि तो आमच्या पिढीतल्या कितीतरी जणांनी केला असेल. अर्धी रजा वाचावी म्हणून मी कायम सकाळचीच वेळ घ्यायचो. सकाळी माझ्यात दाखवण्यासारखं काही नसायचंच. पहिले डॉक्टर म्हणाले, तणाव आहे, तुमच्या लाइनमधली मुलं हल्ली हेच घेऊन येतात. झोपेची गोळी दिली, तिनं मी आणखीच ढिला पडलो. महिन्या-दोन महिन्यांनी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी एमआरआय काढायला लावला आणि त्यात दोन बारीक पांढरे ठिपके निघाले. तरुण वय, दोन-दोन दिसणं, हातातली ताकद जाणं, वर हे ठिपके... सगळं मल्टिपल स्क्लेरोसिसकडे बोट दाखवत होतं. या आजारात मेंदूतल्या आणि मणक्यातल्या नसांवरचं आवरण झिजतं. सोमवारी दाखल व्हायचं, पाच दिवस स्टेरॉइडची मोठी सलाइन घ्यायची, असं ठरलं. मी इंटरनेट कॅफेत जाऊन त्या आजाराचं नाव टाइप केलं आणि पहिल्याच पानावर चाकांच्या खुर्चीचा फोटो दिसला. मी पूर्ण हादरलो. घरी कोणाला काही बोललो नाही. आईला तर नाहीच.

त्या आठवड्यात मला मावशीच्या पलंगाच्या उशाशी एक लांबट वही सापडली. पानावर पट्टीनं आखलेले तीन रकाने. वेळ, काम, दिसलं ते. पाच आठवड्यांच्या नोंदी आणि प्रत्येक पानाखाली तिची छोटी सही. ‘स. ६.४० – स्कूटर काढली – पापण्या सरळ. बोलणं स्वच्छ.’ ‘सं. ७.५० – जेवण – तिसऱ्या घासानंतर हात हनुवटीला. डावी पापणी बुबुळाच्या अर्ध्यावर.’ ‘रवि. दु. १२ – कपडे वाळत घातले – चौथ्या कपड्याला हात खाली. वीस मिनिटं आडवा. उठून सहा कपडे घातले.’ वाचता वाचता माझं डोकं फिरलं. माझ्या जिवाचं काय होतंय आणि ही बाई पापण्या मोजतेय! ती कामावरून आल्या आल्या मी वही तिच्यासमोर आपटली आणि ओरडलो, "मी काय तुझ्या कारखान्यातला माल आहे?"

"मालाला राग येत नाही," ती म्हणाली. वही उचलून तिनं घड्याळाकडे पाहिलं आणि उभ्या उभ्याच लिहिलं. मी जाऊन पडलो. दुसऱ्या दिवशी चोरून पाहिलं तर ओळ होती: ‘सं. ६.१५ – भांडण – मोठ्यानं बोलला. शेवटची तीन वाक्यं नाकातून.’ आज हसू येतं, त्या दिवशी मात्र मला ती जगातली सगळ्यात कोरडी बाई वाटली.

सोमवार दोन दिवसांवर होता. शनिवारी मावशीनं मला न विचारता पेठेतल्या एका वयस्कर मेंदूविकारतज्ज्ञांकडे नंबर लावला, तोही संध्याकाळचा आणि मुद्दाम शेवटचा. मी कुरकुर केली तर म्हणाली, "सकाळी नेऊन काय दाखवू? सकाळी तू बराच असतोस." दीड तास बाकावर बसवून तिनं मला ऑफिसातल्या कॅन्टीनच्या मेनूपासून काहीबाही बोलायला लावलं. नंतर कळलं, मी दमावं म्हणूनच. आत गेल्यावर मला एमआरआयचं आणि सोमवारचं सगळं सांगावंच लागलं. तिनं वही टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी चष्मा पुसला आणि एकेक पान वाचलं. मला वाटलं होतं, ते चाळून बाजूला ठेवतील. मग त्यांनी मला फक्त छताकडे बघायला सांगितलं, पापणी न मिटता. मिनिट व्हायच्या आत डावी पापणी उतरायला लागली, पाठोपाठ उजवी. त्यांनी फ्रिजमधून बर्फ काढून रबरी हातमोज्यात भरला आणि तो माझ्या डाव्या डोळ्यावर दोन मिनिटं धरला. काढला तेव्हा पापणी वर आलेली होती. मला अर्थातच दिसलं नाही. मला दिसला तो मावशीचा चेहरा. ती खुर्चीतून अर्धी उठली होती.

डॉक्टरांनी मग नीट समजावलं. याची नस ठीक आहे, स्नायूही ठीक आहे. नसेचा निरोप स्नायूला जिथं पोचतो तिथं गडबड आहे. स्नायू वापरला की निरोप पोचेनासा होतो, विश्रांती मिळाली की परत पोचतो. म्हणून सकाळी बरा, संध्याकाळी वाईट, चौथ्या कपड्याला हात खाली आणि वीस मिनिटांनी पुन्हा वर. त्या दुसऱ्या आजारात नजर बिघडली की दिवसच्या दिवस बिघडलेली राहते, अशी तासातासाला येत-जात नाही. आणि मनाच्या ताणानं माणूस गळून जाईल, पण बर्फानं त्याची पापणी उचलली जाणार नाही. ठिपक्यांचं म्हणाल तर तसे कोणाच्याही डोक्यात निघू शकतात. या आजाराचं नाव मायस्थेनिया ग्रेव्हिस. रक्ताची आणि विजेच्या झटक्याची तपासणी करून पक्कं करायचं, पण सोमवारची सलाइन आधी थांबवा. यात एकदम एवढं स्टेरॉइड दिलं तर सुरुवातीला अशक्तपणा वाढतो, गिळण्यावर आणि श्वासावरही येऊ शकतं. मग मावशीला त्यांनी विचारलं, "एवढं सगळं लिहिलंत, आजार कोणता वाटतो ते कुठंच लिहिलं नाहीत?"

"ते माझं काम नाही," मावशी म्हणाली.

तपासण्यांनी त्यांचं म्हणणं खरं ठरवलं. दर चार तासांनी एक गोळी सुरू झाली, पुढे छातीतली एक ग्रंथी काढली आणि हळूहळू मी माणसांत आलो. नोकरी राहिली, लग्न झालं, मुलगी झाली. निवृत्त झाल्यावर मावशीनं वारज्यात एक खोली-स्वयंपाकघर घेतलं, मग आम्हीही जवळच घर पाहिलं. गेल्या काही वर्षांत ती हळू चालायला लागली. पावलं छोटी पडायची. लिफ्टच्या दारात तर पाय उचलायलाच तयार नसायचा. "वय झालं रे," ती म्हणायची. मी तिला काठी आणून दिली, रबरी तळव्यांचे बूट आणून दिले. रविवारी हात धरून तिला सोसायटीत दोन फेऱ्या मारून आणायचो आणि स्वतःवर खूश व्हायचो. ती गॅस बंद करायला विसरली तेव्हा मी गजराचं घड्याळ आणलं. मला वाटायचं, मी तिची किती काळजी घेतो! पुण्यातल्या चांगल्यातल्या चांगल्या डॉक्टरांचे नंबर माझ्या फोनमध्ये होते. चोवीस वर्षं मी त्यांच्याच दारात बसत आलो होतो. एकालाही मी तिची चाल दाखवली नाही.

तिच्या पुण्यानुमोदनाच्या शोकसभेला वारज्याच्या विहारात बरीच माणसं आली. वंदना झाल्यावर एकेक जण बोलायला उठला. कारखान्यातल्या मैत्रिणी तिच्या धाकाबद्दल बोलल्या. आईनं तर डोळे पुसत सांगितलं की, माझ्या लेकाचा आजार डॉक्टरांच्या आधी माझ्या बहिणीच्या मायेनं ओळखला. सगळ्यांनी माना हलवल्या. मी मान खाली घालून बसलो होतो, कारण ते खरं नव्हतं आणि हे फक्त मला माहीत होतं. ती निवृत्त झाली त्या संध्याकाळी, हाराफुलांच्या पसाऱ्यात बसून, तिनं मला स्वतःहून सांगितलं होतं. "त्या वहीचं एक सांगायचं राहिलंय. ती मी तुझ्यासाठी नव्हती केली. मला वाटायचं, तू पिऊन येतोस. डोळे अर्धे मिटलेले, बोलणं ओढत, आणि काम सांगितलं की हात दुखतात. रोज दार उघडलं की मी तुझ्या तोंडाचा वास घ्यायचे. वास काही यायचा नाही. म्हटलं, लिहून ठेवू, ताईला पुरावा दाखवू आणि तुला गावी पाठवून देऊ." मी विचारलं, मग? "मग काय... लिहीत गेले आणि कळलं की पिणारा माणूस वीस मिनिटं पडून उठला की सहा कपडे वाळत घालत नाही. माझी चूक होती. तुला दारुडा समजले मी."

मी त्या दिवशी हसून तिला मिठी मारली होती, तरी मनात कुठंतरी लागलंही होतं. विहारात बसून पहिल्यांदाच जाणवलं की तिच्या त्या संशयानं माझ्याकडे जेवढं निरखून पाहिलं, तेवढं दुसऱ्या कोणी पाहिलं नव्हतं, माझ्या आईनंसुद्धा नाही. माझा मावशीवर फार जीव होता. तिच्या शब्दाबाहेर मी कधी गेलो नाही. मी चोवीस वर्षांचा असताना "थकलोय गं, बाकी काही नाही" म्हणायचो, ते तिनं एका संध्याकाळीही खरं मानलं नाही. आणि ती लिफ्टच्या दारात थांबून "वय झालं रे" म्हणाली, तर मी तिचा हात धरून म्हणालो होतो, "हो गं, होणारच."