डाव्या हातातली काठी

भिंतीवर बोटे चालवीत हात वर न्यायचा, हा माझ्या आखडलेल्या उजव्या खांद्याला नेमून दिलेला व्यायाम होता. पहिल्या आठवड्यात बोटे भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या खालच्या कडेपर्यंत पोहोचत आणि तिथेच थबकत. चुन्याचा तो गार, किंचित भुकटीदार स्पर्श अजून माझ्या बोटांच्या टोकांवर आहे.

खोली नेऱ्यातल्या एका खताच्या दुकानावर होती. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी तिथे एक फिजिओथेरपिस्ट मुलगी येई. नुकतीच शिकून आलेली, नीटनेटकी, प्रत्येक रुग्णासाठी छापील कागद घेऊन बसणारी. जिन्यातून युरियाचा उग्र दर्प वर चढे आणि शेकाच्या पिशव्यांवरच्या ओल्या टॉवेलांच्या वाफेत मिसळून जाई. त्या वासात एका शुक्रवारी तिसरा वास आला: लोकरीचा, धुराचा, चुरगळलेल्या गवताचा. पाठोपाठ जिन्यावर काठी वाजली आणि साठीची एक धनगर बाई, एकेका पायरीला तिच्या आडनावासकट शिव्या घालत, वर आली.

तिचा उजवा गुडघा झिजला होता. मुलीने कागद पुढे ओढला.

"मावशी, दुखणं शून्य ते दहा यातलं किती?"

"कुठल्या येळचं इचारतीस? चढणीचं का उतरणीचं?"

"सरासरी सांगा."

"सरासरी मी कंदी चालतच न्हाई. एकतर चढतीया, न्हाईतर उतरतीया."

मला हसू आवरेना, आणि हसताना खांदा कळवळला. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "हसा बाई. भिंतीला गुदगुल्या करायचं अवशीद तुमाला दिलंया, मला न्हाई."

अशी आमची ओळख झाली. मग शेकाच्या पिशव्या लावून शेजारी शेजारी बसलो की तिच्याकडून सारे कळत गेले. तीसेक मेंढरे, सात-आठ शेळ्या. कासारसाईच्या बाजूचा माळ. हिंजवडीत कंपनीची गाडी चालवणारा मुलगा. माळावर गुडघा अडला की ती दगडावर बसून मुलाला फोन करी आणि तो ड्यूटी सोडून कळप घरी आणायला येई. असे तीनदा झाले होते. चौथ्यांदा फोन आला तर कळप विकायचा, असे त्याने सांगून टाकले होते.

"त्याचंबी खरं हाय," ती म्हणाली. "नोकरी जाईल त्याची. पर मेंढरं गेल्यावर मी दिवसभर काय करू? टीव्हीम्होरं बसून त्यास्नी हाकू?"

मुलीने तिला गुडघ्याखाली गुंडाळी ठेवून मांडी आवळायचा व्यायाम दिला. टॉवेलाऐवजी घोंगडी चालेल का, हे तिने विचारले आणि चालेल म्हटल्यावर तिचा चेहरा उजळला. शेवटी मुलगी म्हणाली, "आणि मावशी, काठी डाव्या हातात धरायची. दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध बाजूला. बराचसा भार तिकडे जातो."

तिने उजव्या हातातली लांब काठी डाव्या हातात घेतली आणि खोलीत चार पावले टाकली. "व्हय की!" ती आश्चर्याने म्हणाली. "लई हलकं वाटतंय." आम्ही तिघीही खूश झालो.

पुढच्या सोमवारी सकाळी मी आमच्या सोसायटीच्या गच्चीत चहा पीत उभी होते. खाली हिरवळीवर फवारे फिरत होते, कापलेल्या गवताचा कोवळा वास वर येत होता. तेवढ्यात माळाकडे जाणाऱ्या रस्त्यावरून घंटेचा किणकिणाट ऐकू आला आणि फाटकातून एक शेळी, तिच्यामागे दुसरी, आणि मग लोकरीचा एक संथ, करडा ओघ आत शिरला. मेंढरांनी हिरवळ पाहिली आणि माना खाली घातल्या. फवाऱ्याखाली उभे राहून चरण्याचे सुख त्यांना पहिल्यांदाच मिळत असावे.

"अरे माताजी, ये क्या कर रहे हो!" पहारेकरी दोन्ही हात पसरून धावत होता. गच्च्यांतून फोन पुढे आले होते. फाटकाशी माझी मैत्रीण, काठी डाव्या हातात उंच धरून, कळपाला हाका मारत होती. आणि ती जितकी काठी उगारी, तितकी मेंढरे आत आत येत होती.

मी चपला न घालताच खाली धावले. सोसायटीचे सचिव आधीच पोहोचले होते. "ही जनावरं आत्ताच्या आत्ता बाहेर काढायला कुणाला तरी बोलवा," असे बजावून ते तिथेच उभे राहिले. घाबरून, धापा टाकत, तिने मुलाला फोन केला. चौथा.

मुलगा कंपनीच्या गणवेशातच आला. त्याने दहा मिनिटांत कळप बाहेर काढला. आईवर तो ओरडला नाही. फक्त म्हणाला, "आये, पुरे झालं आता. रविवारी येपारी येतोय बघायला." त्याच्या त्या शांत बोलण्यानेच ती अधिक खचली.

मंगळवारी ती आली, पण व्यायामाला बसेना. मीच झाला प्रकार सांगितला. मुलगी आधी हसली, मग तिचे हसू मावळले. "पण मावशी, कळप आत वळलाच का?"

"वळंल न्हाई तर काय करंल? काठी दिसंल त्याच्या उलट्या अंगाला जनावर वळतंय. माझी काठी जल्मभर उजव्या हाती. तू डाव्या हाती घ्यायला लावलीस. मी टेकत टेकत चालले, ती पडली भाईर, म्होरक्या शेळीला वाटलं, उजवीकडं वळायचंय. उजवीकडं ह्यांचं फाटक. तिचं काय चुकलं?"

मुलीने छापील कागद बाजूला सारला. मग हळूच म्हणाली, "काठी कशासाठी आहे, हे मी विचारलंच नाही."

"तू इचारलं असतंस तर मी तरी काय सांगितलं असतं? काठी ती काठी."

"रविवारी व्यापारी किती वाजता येणार?"

"नऊला."

"मग मी सातला येते. मला तुमचं चालणं खोलीत नाही, माळावर बघायचंय."

रविवारी मीही गेले. माळ दवाने भिजला होता. कुसळे साडीच्या काठाला चिकटत होती, आणि लांबवर उंच इमारतींच्या काचांवर पहिले ऊन चमकत होते. मुलगी स्कूटरवरून उतरली ती हातात अॅल्युमिनियमची, रबरी बुडाची आखूड काठी घेऊनच. तिची कल्पना साधी होती: लांब काठी पूर्वीसारखी उजव्या हातात, कळपासाठी, आखूड काठी डाव्या हातात, गुडघ्यासाठी.

म्होरकी शेळीने ती लखलखती काठी पाहिली आणि चार पावले मागे सरली. तिच्यामागे अवघा कळप सरला.

"चांदीची काठी घेऊन कुनी पावनी आलीय वाटतंय त्यास्नी," मावशी म्हणाली. मग तिने कमरेचा घोंगडीचा फाटका तुकडा काढून काठीला वरपासून खालपर्यंत गुंडाळला. म्होरकीने तो हुंगला. ओळखीचा वास आला असावा. ती पुन्हा चरू लागली.

पण वळणाशी पुन्हा गोंधळ. डावी काठी पावलागणिक बाहेर पडे आणि शेळ्या उजवीकडे ओढ घेत. मुलगी खडकावर बसून डोळे बारीक करून बघत होती. "मावशी, मेंढरं कुठे बघतात? हाताकडे?"

मावशी थांबली. साठ वर्षे जे अंगात होते, ते शब्दांत आणायला तिला वेळ लागला. "हाताकडं न्हाई. टोकाकडं. काठीचं टोक अंगाभाईर गेलं की वळत्यात."

"मग टोक बाहेर जायलाच नको!" मुलगी उठली. घोंगडी जरा सरकवून तिने आखूड काठीचा खटका दाबला आणि ती मनगटाच्या उंचीपर्यंत खाली आणली. "पायाशेजारी. अगदी पावलाला चिकटून. भारही नीट येईल."

मावशीने दोन पावले टाकली. मग चार. मला वाटले, आपण मदत करावी. म्हणून मी लांब काठी मागून घेतली आणि कळपाला वळवायचा प्रयत्न केला. माझा हात जेमतेम कमरेच्या वर गेला. एकाही मेंढराने मान उचलली नाही.

"द्या हिकडं," मावशी म्हणाली. "तुमच्या हुकमानं हिवाळा निघायचा."

ती उतारावर निघाली तेव्हा खालच्या रस्त्यावर टेंपो येऊन थांबला होता. मुलगा आणि व्यापारी खाली उतरले. व्यापारी दुरूनच जनावरे न्याहाळू लागला. मुलगा मात्र आईचे पाय बघत होता. उतार तिचा वैरी होता, हे त्याला ठाऊक होते. आखूड काठी पावलाशी टेकत, लांब काठी उजवीकडे धरून मावशी वळणापाशी आली. तिने उजवे टोक किंचित बाहेर काढले आणि जिभेने एक बारीक टकटक केली. म्होरकी डावीकडे वळली, आणि मागून सारा कळप, दव उडवीत, डावीकडे.

तळाशी येऊन ती थांबली. दगडावर बसली नाही. धाप लागली होती, पण ती उभी होती.

"आये, बस की जरा," मुलगा म्हणाला.

"मला बसीवतोस व्हय? मेंढरं आंबेवनापत्तोर न्यायची हायेत अजून."

व्यापाऱ्याने घसा खाकरला. "मग व्यवहाराचं कसं?"

मुलाने आईच्या हातातल्या, घोंगडी गुंडाळलेल्या काठीकडे पाहिले. "आज न्हाई जमायचं दादा," तो म्हणाला. "तुमी दुपारी मोकळे असाल तर च्या प्यायला या."

तिने ते ऐकले न ऐकलेसे केले. कळप पुढे गेला होता आणि तिला त्याला गाठायचे होते.