थोरल्या चुलत्यांचा संशय

अख्खं सोलापूर आपल्याविषयीच कुजबुजतं, असं ठामपणे मानणारा माणूस कुणाला पाहायचा असेल, तर त्यानं आमच्या थोरल्या चुलत्यांना भेटावं. पंखा चालू असताना त्यांच्याशी बोललं, की ते आधी पंख्याकडं बघतात, मग आपल्याकडं, आणि उठून बटण बंद करतात. "आता बोल. पंख्याच्या आडून काय बोलतोस?" लग्नाच्या पंगतीत ते भिंतीला पाठ लावून बसतात, कारण पाठीमागच्यांचा भरवसा नाही. एकदा रिक्षावाल्यानं मान न वळवता काही विचारलं, तर रिक्षा थांबवून त्याच्यासमोर उभे राहिले. "तोंड दाखवून इचार की. मनात काय हाय तुज्या?" त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, नळाखाली भांडी घासताना माझ्या बायकोशी बोलू लागल्या, की बाहेरून ठरलेला शेरा यायचा, "माजंच चाललंय."

शेवटी कान तपासले. डॉक्टरांच्या बंद खोलीत बारीकातल्या बारीक आवाजाला त्यांनी बोट वर केलं. कान शाबूत निघाले आणि घरात उलटाच संशय सुरू झाला. काकू म्हणाल्या, "म्हंजे इतकी वर्सं सोंगच की ओ."

हे मात्र त्यांना नीट ऐकू गेलं. त्यांचं ताट बाहेरच्या खोलीत जाऊ लागलं आणि एके सकाळी पिशवी भरली गेली. "गावाकडं जातो, केमला. रानातल्या शेळ्या तरी तोंडावर बोलतात."

घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. मी पिशवी धरली आणि त्यांना आणखी एका कानाच्या जाणकार बाईंकडं नेलं. त्यांनी मागं गलबला लावून वाक्यं ऐकवली, तसे चुलते अडखळले. बाई म्हणाल्या, कान आवाज पकडतात, पण गलबल्यातून बोलणं वेगळं काढणं मेंदूला जमत नाही. काहींना हे लहानपणापासून असतं आणि शाळेत त्यांचं लक्षच नसतं असं ठरवतात.

चुलते बाईंच्या तोंडाकडं बघत म्हणाले, "चौथीत मास्तर हेच म्हणायचा. लक्ष न्हाय. म्हणून तर बापानं कारखान्यात मागावर घातलं मला, कापड इणायला."

"पण मागाच्या खडखडाटात कसं जमायचं?" मी परतताना विचारलं.

"तितं कुणालाच ऐकू यायचं न्हाय. समदी हातानं बोलायची. लई बरं हुतं."

घरी मी काकूंना सगळं सांगितलं. त्याही पूर्वी त्याच कारखान्यात मागासाठी सुताच्या कांड्या भरायच्या. त्यांनी नळ बंद केला, बाहेरच्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या, पाची बोटं जुळवून तोंडाकडं नेली आणि अंगठा स्वयंपाकघराकडं केला. चुलत्यांनी पिशवी खाली ठेवली.

आता आमच्या जेवणात निम्मं बोलणं हातानं चालतं. परवा काकूंनी माझ्या बायकोला खूण केली, यांना चटणी कमी वाढ, बीपी वाढलंय. चुलत्यांनी ती अचूक पकडली. "बघ, म्या म्हणत हुतो न्हवं? माजंच चाललेलं असतंय." आणि समाधानानं स्वतःच चटणीची वाटी लांब सरकवली.

दारावर माझ्या नावाच्या पाटीवर बी.ए. लिहिलंय. येता-जाता चुलते ती हातानं पुसतात. तो चौथीचा वर्ग जरा शांत असता, तर घरातला पहिला पदवीधर कदाचित मी नसतो.