टिपेवर अडकलेला श्वास

कावेरी योग शिकवणार म्हटल्यावर सगळ्यांत आधी हसली ती गंगव्वा. दिवसभर मिशनीवर वाकतोयच की, रविवारी आणखी कशाला वाकायचं, म्हणाली. आणि रविवारी सगळ्यांच्या आधी येऊन भिंतीला टेकून बसली. कंबरेच्या दुखण्यानं तिला कित्येक वर्षांत सलग झोप नव्हती, हे गल्लीला ठाऊक होतं.

कावेरी निपाणीकडची. बनशंकरीच्या देवळामागं कपड्यांच्या कारखान्यात शर्टांना बाह्या जोडता जोडता तिचे केस पिकले. कंबर धरली तेव्हा दवाखान्यातल्या बाईंनी चार आसनं शिकवली. जिवाला बरं वाटलं, तशी तिला शेजारणींची आठवण झाली. मोठ्या रस्त्यावर योगाचे वर्ग होते, पण तिथं काचेची दारं. चप्पल कुठं काढायची इथूनच या बायांची भीती सुरू व्हायची.

मग समाजाच्या हॉलची किल्ली मागायला ती हणमंतरावांकडं गेली. त्यांचं घराणं पिढ्यान् पिढ्या इथलंच. गल्लीतल्या घरांना अंगण नाही, म्हणून कुणी गेलं की उचलायच्या आधी त्याला या हॉलमध्ये आणून ठेवत. तेराव्याची पंगतही इथंच.

"जिवंत माणसं आली तर हॉललाही स्वल्प बरं वाटंल," हणमंतराव म्हणाले. "पण बाया भिऊन पळाल्या, की किल्ली परत. सरी, चालंल ना?"

आसनं जमली. अडलं श्वासापाशी. मिशनीवर टीप सुरू केली की बाई श्वास रोखते आणि दोरा तोडला की सोडते, म्हणजे शिलाई वाकडी जात नाही. ही सवय इतकी मुरलेली, की हात वर करा म्हटलं तरी सगळ्यांचे श्वास कोंडलेले. कावेरी हसून म्हणायची, अगं सोडा, इथं सुपरवायझर नाही.

मग शवासन आलं. पंख्याचा वारा लागावा म्हणून तिनं सतरंज्या लांबीनं अंथरल्या. बाया पडल्या, डोळे मिटले, आणि त्यांतली पवित्रा एकदम उठून बसली. सगळ्यांची डोकी उत्तरेला होती. इथं मढी ठेवतात तशीच. कावेरीनं जीभ चावली, हसण्यावारी नेलं, सतरंज्या फिरवल्या.

पण पुन्हा सगळं निवांत झालं तेव्हा कोपऱ्यातून श्वास आला. त्या कोपऱ्यात कुणी नव्हतं. आत ओढलेला, लांब. तो बाहेर सुटायची सगळ्या वाट बघत राहिल्या. सुटला नाही. पुन्हा आतच ओढला गेला.

पुढच्या रविवारी निम्म्या बाया आल्या, त्याच्या पुढच्या रविवारी एकटी गंगव्वा. ती दारातच उभी राहिली. शवासनानंतर घरी गेल्यावर पहिल्यांदा झोपले होते अक्का, म्हणाली, पण आत यायला पाय उचलत नाही. हणमंतरावांनी किल्लीसाठी निरोप धाडला होता.

कावेरी आत गेली आणि त्या कोपऱ्यात जाऊन आडवी झाली. भर सकाळ, बाहेर भाजीवाल्याची हाळी, आणि कानाशी तो श्वास. आत. थांबला. पुन्हा आत. तिच्याही छातीत तसंच कोंडलं. ती लय तिच्या ओळखीची होती. कित्येक वर्षं शेजारच्या मिशनीवरून तिनं ती ऐकली होती. त्या मिशनीवरची अहल्या बाही जोडताना टिपेच्या मधेच मान टाकून गेली. हॉलमध्ये आणली तेव्हा तिला याच कोपऱ्यात ठेवलं होतं.

कावेरी पडल्या पडल्याच हळू बोलली, जशी जेवणाच्या सुट्टीत बोलायची.

"अहल्याक्का, टीप संपली गं. दोरा तोड."

मग दातांनी दोरा तोडावा तसा बारीक आवाज झाला, आणि गालाजवळून गार हवा गेली. इतकी, की संपतच नव्हती.

गंगव्वानं दारातून ते ऐकलं. ती आत आली आणि सतरंजी ओढून आडवी झाली.

आता बाया येतात. किल्ली कावेरीकडंच आहे. श्वास काही गेलेला नाही, शवासनात अजून येतो. पण आता आत, बाहेर, संथ, आणि बाया त्याच्याच लयीनं सैल पडतात. नवीन कुणी विचारलं, तर पंख्याचा आवाज म्हणून सांगतात. कोपऱ्याशेजारची जागा मात्र गंगव्वा कुणाला देत नाही. म्हणते, तिकडं झोप चांगली लागते.