उभ्याचं नवरात्र आणि कॅम्पातल्या बाई

देवीनं मला टाकलं, असं मी कितीतरी महिने मनाशी धरून बसले होते. आज लिहिताना हसू येतं, तेव्हा येत नव्हतं. आमच्या पिंपळवंडीत काही घरांत नवरात्र उभ्यानं करायची चाल आहे. घट बसल्यापासून उठेपर्यंत बसायचं नाही, जमिनीला पाठ लावायची नाही. वाशाला दोर बांधून एक फळी टांगतात, तिच्यावर छाती टेकून डुलकी काढायची, एवढीच काय ती विश्रांती. सासूबाई करायच्या, त्या थकल्यावर मी घेतलं आणि अकरा वर्षं केलं. खोटं कशाला बोलू, त्यात भक्ती होती तसा ताठाही होता. आळीतल्या बाया पाया पडायला यायच्या, "लई कडक बाई" म्हणायच्या, आणि मला ते गुळासारखं लागायचं.

बाराव्या वर्षी तिसऱ्या माळेला, सकाळची आरती चालू असताना, माझ्या डोळ्यांपुढे काळं आलं आणि मी धाडकन आदळले. शुद्धीवर आले तर आडवी होते. व्रत मोडलं होतं. नारायणगावच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, हाड शाबूत आहे, गुडघे झिजलेत आणि तोल सांभाळणारं कानात जे काही असतं तेही जरा बिघडलंय. गोळ्या दिल्या. सूज उतरली, पण भीती उतरेना. अंगणातून गोठ्यात जायचं तरी भिंत धरून जायचे. आमचे हे म्हणायचे, "अगं, भिंतीचा रंग गेला तुज्या हातानं." त्यांना थट्टा सुचत होती. माझ्या डोक्यात मात्र एकच भुंगा होता: अकरा वर्षं चाललं, मग यंदाच तिला का चाललं नाही? माझं काय चुकलं? गावातही कुजबूज होतीच. "कायतरी शिवाशिव झाली असंल," असं एकीनं माझ्या तोंडावर म्हटलं. पुढच्या नवरात्रात मी देवीपुढे कोणत्या पायांनी उभी राहणार होते?

माघ महिन्यात ह्यांनी लेण्याद्रीच्या गणपतीला साकडं घालायचं ठरवलं. तीनशेच्या वर पायऱ्या, मला चढणं शक्यच नव्हतं. "तू खाली बस, मी तुज्या वाटचं बी चढतो," असं म्हणून ते वर गेले. मी नारळ-फुलांच्या दुकानाशेजारी चिंचेखाली बसले. दुकानवाली बाई बोलकी होती, दोघींचं बरं जमलं. तेवढ्यात पलीकडच्या मोकळ्या जागेत मला एक म्हातारी दिसली. सलवार-कमीज, कापलेले पांढरे केस, बारीक डोळे, आपल्याकडची वाटेना. आणि तिचे हात हलत होते. पाण्यातून हलवावेत इतके सावकाश. एक हात वर जाई, दुसरा खाली येई, अंग हळूच वळे, पाय मांजरीसारखा पुढे टेके. डोळे अर्धे मिटलेले. मी स्वभावानं चौकस, नजर हटेना. दुकानवालीला म्हटलं, "हे काय वो?" तिनं एकदा पाहिलं आणि हातच जोडले. "वारं आलंय बाई तिला. बगा कसं सवकाश खेळतंय. असलं म्या बी न्हाई बगितलं."

आमच्याकडे बाईच्या अंगात देवी येते ती घुमत, केस मोकळे सोडून येते. अशी शांत देवी मी जन्मात पाहिली नव्हती. पण मला वाटलं, माझ्यासाठीच आली. मी दुकानातली हळदीकुंकवाची पुडी घेतली, चिंचेच्या खोडाला धरून उठले, कशीबशी तिच्यापर्यंत गेले आणि तिच्या पायांवर डोकं ठेवलं. गुडघ्यांत कळ गेली, तरी ठेवलं. आणि इतक्या महिन्यांचं साठलेलं सगळं तोंडातून बाहेर पडलं. "आई, मला का टाकलंस? अकरा वर्षं उभी राहिले, बाराव्या वर्षी का पाडलंस?"

"अहो! अहो बाई, उठा!" वरून आवाज आला तो अगदी चोख पुणेरी मराठीत. "देवीबिवी नाही हो मी! रिटायर नर्स आहे. व्यायाम करतेय."

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. वर पंचाईत अशी की मला उठताच येईना. दुकानवाली धावत आली, तिचंही तोंड पडलं होतं. म्हातारी मात्र हसली नाही. "थांबा, ओढू नका त्यांना," ती म्हणाली, आणि माझ्यापुढे उकिडवी बसली. एक गुडघा पुढे घ्या, दोन्ही हात त्याच्यावर टेका, श्वास सोडा आणि मग उठा. मी उठले. माझ्या कपाळाला लागलेली तिच्या चपलेची माती तिनं ओढणीनं पुसली आणि विचारलं, "काय म्हणत होतात? कोणी पाडलं तुम्हाला?"

मी सगळं सांगितलं. अनोळखी माणसाला सांगणं सोपं जातं, का कोण जाणे. ऐकून ती म्हणाली, "नवरात्रात कशा उभ्या राहता, ते दाखवा बघू." मी उभी राहिले. पाय जुळवलेले, गुडघे ताठ, छाती पुढे, दातावर दात. तिनं दोन बोटं माझ्या खांद्याला लावली आणि मी गचकन मागे गेले. दुकानवालीनं धरलं म्हणून बरं. मग ती स्वतः उभी राहिली आणि म्हणाली, "आता तुम्ही मला ढकला." मी शेतात राबलेली बाई, हातात अजून जोर होता. सत्तरीच्या म्हातारीला काय ढकलायचं, म्हणून आधी हळू ढकललं, मग चिडून जोरात. विहिरीत तरंगणारी घागर ढकलावी तशी ती जराशी कलायची आणि पुन्हा जागेवर.

"तुमची देवी रागावलीय का, ते मला नाही सांगता येणार," ती म्हणाली. "पण तुम्ही गुडघ्यांना कुलूप लावून उभ्या राहता, हे मला दिसतंय. पलटणीच्या दवाखान्यात होते मी. परेडला ताठ उभे राहणारे तरणेबांड जवान असेच धडाधड पडायचे. हलायचं नाही म्हटलं की रक्त पायात साचतं, डोक्याला कमी पडतं. त्यांच्यावर कुठे कोणती देवी रागावली होती?"

अकरा वर्षांत हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि मीही कोणाला विचारलं नव्हतं.

ही बाई पुण्याच्या कॅम्पातली. तिचे वडील तरुणपणी चीनमधून आले, कॅम्पात दातांचा दवाखाना थाटला आणि तिथलेच झाले. दर हिवाळ्यात ती जुन्नरला आपल्या मैत्रिणीकडे, जैतूनबींकडे राहायला यायची. दोघींनी नर्सिंग एकत्र केलं होतं. लेण्याद्रीच्या डोंगरात बुद्धाची लेणी आहेत, तिथे तिची आई उदबत्ती लावायची, म्हणून ही लावते. "वर तुमचा गणपती, बाजूला आमचे बुद्ध. पायऱ्या मात्र सगळ्यांना सारख्याच लागतात," असं म्हणून ती आपले गुडघे दाबायची. पुढचे तीन आठवडे ती जुन्नरात होती. "या सकाळच्या," ती म्हणाली. "मी काही बरं करते असं नाही. गोळ्याही सोडायच्या नाहीत. नुसतं उभं राहायला शिकू."

मला रागच आला होता. उभं राहायला मला शिकवणार? तरी दुसऱ्या दिवशी माणसं कोंबून नेणाऱ्या वडापच्या जीपमध्ये बसलेच. जैतूनबींच्या अंगणात पेरूच्या झाडाखाली बाईंनी मला उभं केलं. पावलं खांद्याइतकी लांब. गुडघे किंचित सैल, खुर्चीवर बसता बसता विचार बदलल्यासारखे. शेंडीला वरून कोणी दोरी बांधलीय असं समजून मान सरळ. हात पुढे, मोठा माठ कवेत धरल्यासारखे. श्वास बेंबीपर्यंत जाऊ द्यायचा, ढकलायचा नाही. बस, एवढंच. दोन मिनिटांत माझ्या मांड्या लटलटायला लागल्या, पाचव्या मिनिटाला घाम फुटला. नऊ नऊ दिवस उभी राहिलेली बाई मी! जैतूनबी ओट्यावर लसूण सोलत बसल्या होत्या. म्हणाल्या, "काय ताई, देवी सोपी का आमची मैत्रीण?"

मी प्रश्नांनी बाईंचा जीव खाल्ला. हे कोणत्या देवाचं? मंत्र कोणता? उपवास लागतो का? त्या म्हणाल्या, "देवीचं नाव घ्यायचं तर घ्या, फक्त घाईत घेऊ नका." हळू का करायचं, असं विचारलं तर म्हणाल्या, "भरभर केलं की चुका झाकल्या जातात. हळू केलं की आपण कुठे आवळून धरलंय ते कळतं." आणि खरंच कळायला लागलं. मी जबडा आवळते. मी पायाची बोटं आवळते. शेजारीण दारावरून गेली तरी माझे खांदे वर जातात. पन्नास वर्षं मी या अंगात राहत होते आणि त्यातल्या निम्म्या खोल्या उघडल्याच नव्हत्या.

दुसऱ्या आठवड्यात चालणं शिकवलं. त्यांच्या या चिनी व्यायामात भरलेला पाय आणि रिकामा पाय असं म्हणतात. सगळं वजन एका पायात ओतायचं, दुसरा अगदी रिकामा झाला की मगच तो उचलायचा. मी पडायचे, कारण माझे दोन्ही पाय कायम भरलेले. भीतीनं एकही रिकामा व्हायला तयार नसायचा. "रिकामा झाल्याशिवाय पाय पुढे जाणार कसा?" बाई म्हणायच्या. त्या दिवशी घरी येताना जीपमध्ये मला भरून आलं. मी देवीपुढे कधी रिकामी गेलेच नव्हते. माझं व्रत, माझी वर्षं, माझा मान, सगळं घेऊन जायचे. तिनं द्यायचं म्हटलं तरी ठेवायला माझ्याकडे जागा कुठे होती?

बाईंचे वडील म्हणायचे म्हणे, कडक दात आधी पडतात, मऊ जीभ शेवटपर्यंत टिकते. मी ते ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "तुजी जीभ टिकंल यात आमाला कधीच शंका नव्हती."

तीन आठवड्यांनी बाई पुण्याला गेल्या. मी रोज सकाळी गोठ्यामागच्या खळ्यात एकटीनं करत राहिले. पोरं कुंपणावरून बघायची, म्हणायची, "काकूच्या अंगात कासव आलंय." येऊ दे म्हटलं. चैत्र लागेपर्यंत भिंत सुटली. पावसाळ्यात चिखलाच्या बांधावरून डोक्यावर भाकऱ्यांची पाटी घेऊन गेले. गुडघे अजून कुरकुरतात, जिना उतरताना आजही त्रास होतो, ते काही नवे झाले नाहीत. पण चक्कर गेली, झोप लागायला लागली. डॉक्टरांनी एक गोळी कमी केली आणि चाललंय ते चालू द्या म्हणाले.

आणि मग नवरात्र आलं. मी उभी राहणार, हे ठरलेलंच होतं. आता मला युक्ती कळली होती ना! दोन दिवस छान गेले. गुडघे सैल, श्वास खोल, वजन या पायातून त्या पायात. बाया पुन्हा पाया पडू लागल्या. तिसऱ्या माळेच्या सकाळी आरतीला सात-आठ जणी जमल्या होत्या. सगळ्यांचं लक्ष माझ्याकडे होतं, पडते की काय म्हणून. आणि माझ्या लक्षात आलं की माझा जबडा आवळलाय. बोटं आवळलीत. गुडघ्यांना कुलूप लागलंय. दुखत नव्हतं, चक्कर नव्हती. फक्त पडून दाखवायचं नाही, एवढाच हट्ट उरला होता. त्या हट्टात देवी कुठेच नव्हती, आळीतल्या बायाच होत्या.

मी श्वास सोडला. एक गुडघा पुढे घेतला, हात टेकले आणि सावकाश खाली बसले. मी काही पडले नव्हते, आपल्या मर्जीनं बसले. आरती मध्येच थांबली. कोणीतरी "अगं बाई!" म्हटलं. मला रडू आलं, आणि मी ते येऊ दिलं.

मग वर पाहिलं. आमच्या देव्हाऱ्याचा चौरंग ठेंगणा आहे. नवरात्रभर उभ्यानं मला वरून दिसायचा तो मुखवट्याचा माथा, फुलांचा ढीग आणि घटातलं कोवळं धान. आता धानाच्या नुकत्या फुटलेल्या कोंबांमागून, समईच्या उजेडात, तिचं तोंड अगदी माझ्या तोंडासमोर होतं. ती हसली, असं मी म्हणणार नाही. मुखवटा पितळेचा आहे, घडवला तसाच असणार. पण त्यावर राग नव्हता, कधीच नव्हता. त्या सगळ्या नवरात्रांत ती तिथे बसून माझी वाट बघत होती, आणि मी तिच्या डोक्यावर उभी होते.

आरती पुन्हा सुरू झाली. ती संपल्यावर हे माझ्याशेजारी घोंगडीवर येऊन टेकले आणि हळूच म्हणाले, "बसलीस, बरं झालं. मान वर करून बोलायचा कंटाळा आला व्हता मला." मी डोळे पुसत हसले. तेव्हापासून मी दर नवरात्रात तिच्यासमोर बसते. ज्या बाईंच्या पायांवर मी चुकून डोकं ठेवलं, त्यांना मनातल्या मनात आजही नमस्कार करते, आणि चुकून ठेवलं असं काही आता म्हणवत नाही.